मनगटापासून तीन बोटं

उजवा तळहात वर करून मांडीवर ठेवा. पाठीला उशी घ्या. पाय जमिनीला लागू द्या. किमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ असेल आणि बसवत नसेल, तर पडून केलंत तरी चालेल, फक्त डोकं थोडं उंच असू द्या. हे वाचता वाचता ढवळून आलं तर वाचणं थांबवा. घरातलं कुणी वाचून दाखवणार असेल तर आणखी चांगलं, त्यांनी सावकाश वाचावं आणि जिथे तुम्ही थांबाल तिथे थांबावं.

आता डाव्या हाताची तीन बोटं जुळवा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका. ती उजव्या मनगटावर आडवी टेकवा. तळहात संपतो तिथे मनगटावर एक आडवी घडी दिसते. अनामिका त्या घडीला लागून राहू द्या. तर्जनीची वरची कड जिथे आली, तिथे डावा अंगठा ठेवा आणि बाकीची बोटं उचला.

अंगठ्याखाली चाचपून बघा. उजव्या हाताची मूठ हलकीच वळलीत तर दोन ताठ कंडरा वर येतील, आपण बोलताना त्यांना शिरा म्हणतो. काहींच्या हाताला त्यातली एक जन्मतःच नसते, त्यात काळजीचं काही नाही. या दोन कंडरांच्या मधल्या खोलगट जागेत अंगठा बसवा. मूठ सोडा. हात सैल.

चिनी वैद्यकात या जागेला नेइग्वान म्हणतात. जगभरच्या डॉक्टरांच्या लेखनात ती पी-6 या नावाने येते. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, तीन बोटं लक्षात राहिली की पुरे. बोटं मात्र ज्याचं मनगट त्याचीच मोजायची. किमो घेऊन हात बारीक झालेला असतो आणि शेजारी बसलेल्या मुलाची बोटं जाड असतात, त्याच्या मापाने जागा वर सरकते.

दाबा. दुखेल इतकं जोरात नको, नुसतं टेकवल्यासारखंही नको. आत मंद ठणक जाणवेल इतपत. दाब न सोडता अंगठा जागच्या जागी लहानसा गोल फिरू द्या. श्वास नाकाने आत घ्या, आणि सोडताना घ्यायला लागला त्याहून थोडा जास्त वेळ लावा. दोन-तीन मिनिटं हेच. मग हात बदला. एवढीच क्रिया आहे. यात शिकण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून आता दाब चालू ठेवून आपण दुसऱ्या गोष्टींकडे बघू शकतो.

अंगठा फिरू द्या आणि मन जरा पोटाकडे न्या. भीती वाटते हे मला ठाऊक आहे. मळमळीकडे बघितलं की ती वाढेल असं वाटतं. तरी बघूया.

किमोचं औषध सलाईनमधून रक्तात गेलं, रक्तातून लहान आतड्यापर्यंत पोचलं. आतड्याच्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांच्यात सेरोटोनिन नावाचं रसायन साठवलेलं असतं. औषधाने त्या दुखावल्या आणि त्यांनी ते रसायन सोडलं. तिथून व्हेगस नावाची मोठी नस निघते, ती थेट मेंदूच्या देठापर्यंत जाते. रसायनाने त्या नसेला खबर दिली, नसेने मेंदूला दिली. मेंदूच्या देठाजवळ एक छोटीशी जागा रक्तातल्या विषारी गोष्टींचा माग ठेवते, तिलाही कळलं. मेंदूने ठरवलं की पोटात विष गेलं आहे, ते बाहेर काढायला हवं. आणि तोंडाला पाणी सुटलं.

म्हणजे तुमचं शरीर तुमच्यावर उलटलेलं नाही. विषबाधेतून माणसाला वाचवणारी फार जुनी सोय आहे ही, आणि ती नेमून दिलेलं काम करते आहे. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन रात्री धावत आलेल्या डॉक्टरलाच अडवतो, तसं हे आहे. त्याचा राग धरून उपयोग नाही. त्याला सांगावं लागतं की याला आत सोड.

सांगायचं काम गोळ्या करतात. ऑन्डॅनसेट्रॉन हे नाव तुमच्या चिठ्ठीवर बहुतेक असेल. अमेरिकेत 1991 साली त्याला मान्यता मिळाली. सेरोटोनिनची खबर जिथे पोचते ते दारच ते बंद करतं. त्याआधी सिसप्लॅटिनसारखं किमोचं औषध घेणाऱ्या माणसांना जे सोसावं लागत असे, ते आजच्या रुग्णांना बऱ्याच अंशी चुकलं आहे. पुढे अ‍ॅप्रेपिटंट आलं, ते दुसऱ्या एका रसायनाचं दार धरतं. सोबत डेक्सामेथासोन असतं. आणि अलीकडे ओलान्झापिन. मुळात मनोविकारांसाठी निघालेलं हे औषध मळमळीवर फार चांगलं चालतं असं दिसून आलं, पण त्याने दिवसभर गुंगी राहते. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी 10 मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेशी 2.5 मिलिग्रॅमची तुलना केली. छोटी मात्रा उलट्या रोखण्यात कमी पडली नाही आणि दिवसाची गुंगी कमी झाली. 2024 साली हे काम लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. रुग्ण जागा राहावा, त्याला घरातल्यांशी बोलता यावं, याचा विचार करून कुणीतरी मात्रा मोजून बघितली.

अंगठा दुखायला लागला असेल तर सोडा. पेल्यातलं पाणी घोटभर घ्या. मग दुसरा हात.

आता दिवसांचा विचार करू, कारण मळमळीला वेळापत्रक असतं आणि ते माहीत असलं की धीर येतो. औषध चढवल्यापासून पहिल्या 24 तासांत जी येते ती एक. त्यानंतर येते ती दुसरी. सिसप्लॅटिन मिळालेल्यांना ही दुसरी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करते आणि आणखी काही दिवस रेंगाळते. पहिलीवर गोळ्या जितक्या हुकमी चालतात, तितक्या दुसरीवर चालत नाहीत. त्यातही उलटी थांबवणं सोपं, मळमळ थांबवणं अवघड.

ही दुसरी मळमळ हॉस्पिटलमध्ये येत नाही. डे केअरच्या खुर्चीवर सलाईन संपतं, नर्स सुई काढते, कापूस दाबून धरायला सांगते, तेव्हा बरंच बरं वाटत असतं. तुम्ही दादरहून विरार लोकल पकडता, वसई रोडला उतरता, रिक्षा करून एव्हरशाईन सिटीत घरी येता. त्या रात्री झोपही लागते. आणि मग ती येते, इथे, वसई पूर्वेला, परळपासून चाळीसेक किलोमीटरवर, तिसऱ्या दिवशी सकाळी, घरातली माणसं कामाला निघून गेल्यावर. समोरच्या फ्लॅटमध्ये लसणाची फोडणी पडते. खालून कुणीतरी सुका बोंबील भाजत असल्याचा वास येतो. एरवी ज्या वासाने भूक लागली असती, त्याने पोट वर येतं. वॉर्डातलं कुणी जवळ नाही. पुढची गोळी घ्यायला अजून वेळ आहे.

मनगटावरची ही जागा मला मोलाची वाटते ती या सकाळसाठी. औषधाचं काम ती करणार नाही. पण दोन गोळ्यांच्या मधल्या त्या लांबलचक वेळात तुमच्याजवळ करण्यासारखं काहीतरी असतं, आणि त्यासाठी कुणाची वाट बघावी लागत नाही, पैसे लागत नाहीत, उठावं लागत नाही. खिडकी लावून घ्या. किंवा उलट, फोडणीचा वास घरातलाच असेल तर उघडा. अंगठा जागेवर ठेवा. लाट येते तेव्हा ती चढते, माथ्याला पोचते आणि ओसरते. चढताना दाब वाढवा, ओसरताना कमी करा. आली उलटी तर येऊ द्या. दाबूनही उलटी झाली म्हणजे तुमचं काही चुकलं असा अर्थ अजिबात काढू नका.

हे कितपत खरं आहे, असा प्रश्न मनात आला असेल तर तो योग्य आहे. आजारी माणसाला खोटी आशा विकणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून जे तपासलं गेलं ते तसंच सांगते.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी 1980च्या दशकात या एका जागेचा पिच्छा पुरवला. आधी शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर, मग किमोच्या उलट्यांवर. त्यांना दिसलं की या जागेत सुई टोचून मिळणारा आराम सुमारे आठ तासच टिकतो. मग त्यांनी जागेवर बटण दाबून धरणारा इलॅस्टिकचा पट्टा बांधला आणि रुग्णांना तो दर दोन तासांनी दाबायला सांगितला, तेव्हा आराम लांबला. 1990 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. 1997 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी किमोच्या मळमळीवर सुयांचा उपयोग होतो असा निर्वाळा दिला. 2003 साली अमेरिकेत 739 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मनगटी पट्टा बांधलेल्यांना किमोच्या दिवशी मळमळ कमी झाली. पुढच्या दिवसांत तसा ठळक फरक दिसला नाही. 2006 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. बोटाने किंवा पट्ट्याने दाबण्याने पहिल्या दिवसाची मळमळ सौम्य होते, उलट्यांवर मात्र परिणाम दिसत नाही, असं त्यातून निघालं. त्यानंतर 2007 साली स्तनाच्या कर्करोगाच्या 160 स्त्रियांच्या अभ्यासात बोटाने दाबणाऱ्यांची नंतरच्या दिवसांतली मळमळही कमी भरली. आणि 2013 साली ब्रिटनमधून 500 रुग्णांचा अभ्यास आला. काहींना फक्त औषधं, काहींना औषधं आणि खरा पट्टा, काहींना औषधं आणि नुसता दिसायला तसा पट्टा. तिघांमध्ये ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. पट्टा बांधणाऱ्यांना बरं वाटलं, पण ते खऱ्या आणि खोट्या, दोन्ही पट्ट्यांनी वाटलं.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून माझं मत असं आहे की दाबावं. थोडा आराम मिळण्याची शक्यता आहे, अपाय जवळपास नाही. त्या आरामातला किती भाग जागेचा, किती श्वासाचा आणि किती शेजारी बसून हात धरणाऱ्याचा, हे वेगळं काढता येत नसेल तर आजारी माणसाने ते काढत बसू नये. पण याच्या भरवशावर एकही गोळी चुकवू नये. कुणी म्हणालं की गोळ्या बंद करा, पॉइंट दाबा, कॅन्सरही जाईल, तर त्या माणसाला घरात घेऊ नका. गोळी मळमळ आल्यावर घ्यायची नसते, ती येण्याआधी, चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला घ्यायची असते. मळमळ नाही म्हणून आज गोळी राहू दे, हा विचार दुसऱ्या दिवशी महागात पडतो.

आता एक प्रवास मनातल्या मनात करू. डोळे मिटायचे तर मिटा. अंगठा जागेवर.

पुढच्या किमोची सकाळ आहे. एव्हरशाईनहून रिक्षाने स्टेशनला आलात. डब्यावर कर्करोगग्रस्तांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं त्यात बसलात. दिव्यांगांबरोबर तो डबा तुमचाही आहे, संकोच करायचं कारण नाही. नायगाव मागे पडलं. मग गाडी खाडीच्या पुलावर आली आणि आवाज बदलला. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये पाणजू बेट. आणि इथेच, अजून एक थेंब औषध अंगात गेलेलं नसताना, घशाशी आलं.

बऱ्याच जणांना असं होतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. वेड्यासारखं वाटतं. त्यात वेडेपणा काही नाही. आधीच्या किमोला त्रास झाला की मेंदू त्या दिवसाच्या सगळ्या खुणा जपून ठेवतो. स्पिरिटचा वास, विशिष्ट रंगाची सलाईनची बाटली, एखाद्या नर्सचा आवाज, पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज. खूण दिसली की तो आधीच तयारी करतो. ही तिसऱ्या प्रकारची मळमळ. हिच्यावर उलटीच्या नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. शरीर सैल सोडणं, श्वास, लक्ष दुसरीकडे वळवणं यांचा उपयोग होतो. सुरुवातीच्या किमोंना मळमळ नीट आटोक्यात राहिली तर ती बहुधा मुळात तयारच होत नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

तर पुलावर अंगठा मनगटावर न्या. ओढणीखाली, पदराखाली, पिशवीच्या आड, कुणाला दिसणार नाही. दाबा. श्वास सोडा. गाडी भाईंदरला पोचेपर्यंत एवढंच काम. पुढचं पुढे.

शेजारी बसणाऱ्यांशी दोन शब्द. तुम्ही नवरा असाल, मुलगी असाल, सून असाल. आजाराच्या घरात माणसं हात बांधून उभी असतात, काय करावं सुचत नाही, म्हणून सारखं विचारतात, काही खातेस का, थोडी पेज घेतेस का, लिंबू देऊ का. विचारणं थांबवा आणि हात हातात घ्या. आधी हे बघा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातावर दाबू नका, दुसऱ्या हातावर दाबा. हाताला सूज असेल, जखम असेल, सुईची जागा लाल झाली असेल किंवा औषधाची नळी बसवलेली असेल, तर तोही हात सोडा. रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या असतील तर दाबाने काळंनिळं पडतं. रिपोर्ट बघा, डॉक्टरांना विचारा, तोवर फक्त हात धरून बसा. मनगटी पट्टा आणलात तर तो घट्ट नको. बोटं सुजली, मुंग्या आल्या, रंग बदलला तर लगेच काढा.

आणि खाण्याचं. गरम अन्नाला वास जास्त येतो, थंड झाल्यावर द्या. एकदम ताटभर नको. चार चमचे मऊ खिचडी, थोड्या वेळाने थोड्या लाह्या, कोकमाचं पाणी, एखादं खारं बिस्किट. खाल्ल्यावर लगेच आडवं पडू देऊ नका.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी. अंगठा फिरत असताना स्वतःला विचारा, ही मळमळ शून्य ते दहामध्ये किती? किती वाजलेत? किमोपासून हा कितवा दिवस? कशाने सुरू झाली? उत्तर मनात धरा, दाबून झालं की कागदावर लिहा. एक ओळ पुरे.

माझ्या वहिनीने सुरुवातीला डॉक्टरांना कधी काही सांगितलं नाही. कसं आहे विचारलं की ती म्हणायची, बरं आहे. बाहेर एवढी गर्दी, डॉक्टर एवढे दमलेले, त्यात आपलं मळमळतंय हे काय सांगायचं. किमो म्हटल्यावर हे होणारच, सोसायला हवं. आपल्याकडच्या किती बायका असंच म्हणत असतील. भावाने एकदा तिच्या ओळींचा कागद पुढे केला, तिसरा दिवस, सकाळी, आठ, पाणी टिकत नाही. डॉक्टरांनी तो वाचला, एक औषध वाढवलं, एकाची वेळ बदलली. पुढची किमो तिला पुष्कळ हलकी गेली.

मनगट दाबायला लागल्यामुळे मळमळीकडे लक्ष देण्याची सवय लागली, आणि लक्ष दिल्यामुळे सांगता आलं. ही मळमळ सोसून कर्करोग लवकर बरा होत नाही. सोसण्याने फक्त वजन उतरतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि कधी कधी तर माणूस अर्ध्यात उपचार सोडून घरी बसतो.

म्हणून काही वेळा दाबत बसायचं नाही, फोन करायचा. पाण्याचा घोटही टिकत नसेल, गोळी उलटून पडत असेल, दिवसभर उलट्या थांबत नसतील, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, उलटीत रक्त दिसलं असेल, पोटात जोरात दुखत असेल, किंवा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला असेल, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. फाईलवर हॉस्पिटलचा नंबर असतो, तो आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. परळ लांब पडत असेल तर आधी वसईतल्याच जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि किमो चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

आणि तो ओळींचा कागद पुढच्या तपासणीला जाताना फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. कसं आहे असं डॉक्टरांनी विचारलं, की बरं आहे म्हणण्याआधी तो त्यांच्या हातात द्या.